गुरुवारचं आवतण

माझ्या बायकोचा आवाज माझ्याजवळ नव्हता. तो दुसऱ्या एका माणसाजवळ होता. ती गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल कोणी विचारलं तर मी इतकंच सांगेन. शोकावर मी बरंच वाचलेलं आहे, पण शोकात माणूस मत्सरी होतो हे कुठे वाचल्याचं आठवत नाही.

आवाज माझ्याजवळ का नव्हता, याला काही मोठं कारण नाही. मी मस्कतला अल् घुब्राच्या एका शाळेत इतिहास शिकवायचो. वर्गात फोन बंद. त्यामुळे ती मला कायम टाइप करून निरोप पाठवायची. ‘येताना कोथिंबीर.’ ‘गॅस संपला.’ असे निरोप माझ्याकडे ढीगभर आहेत. लग्नाच्या व्हिडिओत ती आहे, पण तिथे सनई वाजते आहे. जूनमधल्या एका सकाळी ती ओट्यापाशी कोसळली, तेव्हा हातातला तिचा फोनही फरशीवर आपटला. रुवीतल्या दुकानदाराने काच बदलून दिली, आतलं काही परत आलं नाही. तीही हॉस्पिटलमधून परत आली नाही.

तो दुसरा माणूस मस्कतपासून दीड तासावरच्या निझव्याच्या बाजारात दुकान चालवायचा. पातेली, थर्मास, चटया, प्लास्टिकच्या बादल्या. मुसलमान, राजापूर तालुक्यातला. एकदा सुट्टीत आम्ही निझव्याला गेलो असताना बायको त्याच्या दुकानात थर्मासचा भाव करत होती. भाव करता करता तिच्या तोंडून एक शब्द निसटला, आणि हा गृहस्थ काउंटर सोडून बाहेरच आला.

“बाय, तू खाडीची गो?”

“हय रे. तू खंयचो?”

“पलीकडचो.”

दोघांची गावं एकाच खाडीच्या दोन काठांवर होती. लहानपणी यांची पोरं त्यांच्या पोरांना होडीतून शिव्या देत आणि त्यांची यांना. त्या दिवसापासून तो तिला ‘अलीकडची’ म्हणू लागला आणि ती त्याला ‘पलीकडचा’. मी सदाशिव पेठेतला. लग्नानंतर पंधरा वर्षं ती माझ्याशी माझ्यासारखं बोलली होती, पुस्तकी आणि स्वच्छ. त्या दुकानात एका थर्मासपायी ती जे बोलायला लागली ते मी याआधी फक्त तिच्या आईच्या फोनवर ऐकलं होतं. हसणंही वेगळं होतं. घरात ती तोंडावर पदर धरल्यासारखी हसायची. इथे ती उघड्या तोंडाने हसत होती आणि मी हातात थर्मास धरून उभा होतो.

अल्पाकांचं प्रकरण त्या माणसामुळे सुरू झालं. निझव्याच्या वर डोंगरात त्याच्या अर्बाबची डाळिंबाची बाग होती. अर्बाब म्हणजे मालक, ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना असतो तो. कोणा हॉटेलवाल्याने हौसेने आणलेल्या आणि मग डोईजड झालेल्या तीन अल्पाका त्या म्हाताऱ्या अर्बाबने विकत घेतल्या होत्या. दोन पांढऱ्या, एक तपकिरी. मेंढीएवढ्या अंगावर उंटाची मान लावावी तसा हा प्राणी. मस्कतच्या उन्हात तो टिकणार नाही, पण डोंगरावर गारवा असतो. अर्बाब त्यांना ‘लहान उंट’ म्हणायचा आणि त्यांच्या मऊ अंगावर हात फिरवत संध्याकाळ काढायचा. पण त्यांना चारा लागे, माणूस लागे. २०१४ नंतर तेलाचा भाव पडला तसे त्याचे मुलगे कुरकुरू लागले. शेवटी त्याने पलीकडच्याला सांगितलं, “लोकांना दाखवून यांचा खर्च निघत असेल तर ठेवतो. नाहीतर खलास.”

त्यावर पलीकडच्याने आमच्याकडे फोन केला. म्हणजे तिच्याकडे.

मी मनापासून मदत केली. मस्कतमधल्या पगारदार कुटुंबांना शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जायला जागा नसते. समुद्रकिनारा झाला, मॉल झाले की संपलं. या लोकांना डोंगरावर बोलवायचं, अल्पाका दाखवायच्या, मुलांना चारा भरवू द्यायचा, लोकरीची आसनं विकायची, अशी योजना होती. मी एक माहितीपत्रक लिहिलं. दोन्ही बाजूंनी छापलेलं, मराठी आणि इंग्रजी. दक्षिण अमेरिकेतल्या पर्वतांपासून सुरुवात केली होती. तीन आठवडे मी त्यावर घालवले. पत्रकं दुकानांत ठेवली, मंडळाच्या गणपतीत वाटली.

कोणीही आलं नाही.

पलीकडचा आमच्या घरी जेवायला आला होता. त्याने पत्रक हातात घेऊन उलटसुलट केलं.

“सर, लिहिलंय एक नंबर. पण हे वाचून माणूस झोपेल. उठून निझव्याला कशाला येईल?”

“मग कसं बोलवायचं?” मी विचारलं.

उत्तर तिने दिलं, पण माझ्याकडे न बघता, त्याच्याकडे बघून. “कागदान कोण येता रे? आवतण तोंडान करूक होया.”

आवतण म्हणजे बोलावणं. तिच्या गावाकडे नुसती पत्रिका पोचली म्हणून कोणी लग्नाला जात नाही. घरच्या कोणीतरी दारात जाऊन, नाव घेऊन, ‘येवा हां’ असं म्हणावं लागतं. एकदा तसं म्हटलं की मग मात्र न जाणं हा अपमान. पलीकडच्या काठावरही तीच रीत होती. त्यांच्याकडे तर एक बाई लग्नाच्या आदल्या आठवड्यात फक्त आवतणं करत घरोघर फिरायची. दोघं त्या बाईची नक्कल करून हसायला लागले. मी ताटं उचलली.

मस्कतभर दारोदार फिरणं शक्य नव्हतं. मग दोघांनी फोनवर एक ग्रुप काढला आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर तिच्या आवाजातला निरोप जाऊ लागला. एक हिंदीत आणि एक तिच्या बोलीत. अल्पाकांना तिने नात्यातली नावं ठेवली होती. तपकिरी, सगळ्यांकडे नाकाच्या शेंड्यावरून बघणारी, ती आत्याबाई. पांढऱ्या दोघी थोरली आणि धाकटी जाऊ. निरोपात आत्याबाईंच्या तब्येतीची, रुसव्याची बातमी असायची आणि शेवटी ‘येवा हां, वाट बघतंय’.

लोक यायला लागले. आधी कोकणातले, मग नागपूरचे, सोलापूरचे, मग ज्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता ते केरळचेही. डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे, साध्या गाडीला वर सोडत नाहीत. लोक आपल्या छोट्या गाड्या खाली ठेवत आणि पलीकडचा आपल्या जुन्या फोर-व्हीलमधून त्यांना खेपा करून वर नेई. वर ती असायची. वादी अदाईहून आलेल्या एका आजींनी आसनाची लोकर चाचपत विचारलं, “हे देवापुढे बसायला चालेल का ग? लोकर सोवळी असते, पण हा तर उंटाचा भाऊ.”

“चुलतभाव आजी,” ती म्हणाली, “सोयर-सुतक लागूचा नाय इतक्या लांबचो.”

आजींनी दोन आसनं घेतली. माझ्या पत्रकात लोकरीच्या गुणधर्मांवर एक संपूर्ण परिच्छेद होता.

मी तिच्याबरोबर चार-पाचदा वर गेलो असेन. घरचा म्हणून पुढच्या सीटवर बसून. वर पोचल्यावर डाळिंबाखाली पुस्तक घेऊन बसायचो आणि पान उलटायचं राहून जायचं, कारण कान तिकडे असायचे. एका गुरुवारी ती स्वयंपाकघरात कुकर बंद करून निरोप बोलत होती. तिचा झाल्यावर मी म्हटलं, हसत म्हटलं, “सगळ्या मस्कतला बोलावतेस. मला कधी आवतण नाही दिलंस.”

“अहो, घरच्या माणसाला आवतण देतात का?” ती माझ्या भाषेत म्हणाली. “लोक हसतील. तुम्ही यायचं नुसतं.”

तिचं बरोबर होतं. रीत तशीच आहे. तरी मला त्या ग्रुपमधल्या प्रत्येक माणसाचा हेवा वाटला. त्यांना ती म्हणायची की वाट बघते आहे. मी ग्रुपमध्ये नव्हतोच. घरच्याला ग्रुपमध्ये कोण घेतं?

ती गेल्यावर मी तिला तिच्या गावी नेलं. तिची तशी इच्छा होती. राख खाडीत सोडली. शाळा सुरू झाली तेव्हा परत आलो, पुस्तकं होती तिथेच होती, मी तास घेऊ लागलो. पलीकडच्याचे फोन यायचे. मी उचलत नसे. त्याचा आवाज ऐकला की त्याच्या मागून तिचा येईल असं वाटायचं आणि तो यायचा नाही.

मग त्या हिवाळ्यात, एका गुरुवारी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसलो होतो. विज्ञानाच्या एक नवीन बाई नाशिकहून त्याच वर्षी आल्या होत्या. माझं घर, माझं दुःख त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या.

“सर, तुम्ही मराठी ना? हे ऐका. कालच मला एकीने ग्रुपमध्ये घेतलं, मागचा एक मेसेजही पाठवला. काय गोड बोलावतात हो या बाई!”

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि दाबलं.

“ऐकतास मां? उद्या शुक्रवार. पोरांक घेवन येवा. गाडी खाली ठेवा, वर नेवक आमची फोर-व्हील हा. आत्याबाईंनी सकाळपासून दोनदा इचारल्यानी, कोण कोण येतत म्हणान. येवा हां. वाट बघतंय.”

मागे कुकरची एक शिट्टी होती. आमच्या कुकरची.

“परत लावा,” मी म्हटलं.

“आवडलं ना? मला वाटलंच. आम्ही उद्या जाणार आहोत. तुम्ही पण चला ना सर, त्यांना भेटू.”

मी उठून वॉशरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा रडू आलं नाही. राग आला, आणि तोही त्या माणसाचा आधी नाही, या बाईंचा आला. चार महिन्यांपूर्वी नाशकात असलेल्या बाईला माझी बायको उद्या भेटायला बोलावत होती.

शाळा सुटल्यावर घरी न जाता मी तसाच निझव्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत मी बोलायचं ते पाठ करत होतो. ती गेली आहे. तिच्या आवाजावर तुम्ही धंदा करू शकत नाही. सगळे निरोप मला द्या आणि तुमच्याकडचे पुसा. तीन वाक्यं. वर्गात उभा राहून बोलतो तशी बोलायची.

तो दुकानात एकटाच होता. मला बघून काउंटरमागून आला, माझ्या गळ्यात पडला आणि मोठ्याने रडायला लागला. मला ती तीन वाक्यं बोलता येईनात. स्मशानात, गावात, विमानतळावर मी कुठेही असा रडलो नव्हतो. रडण्यातही हा माझ्यापेक्षा सरस.

“फोन का नाय उचलत सर तुम्ही? मी काय केलं?”

“तुम्ही तिचा आवाज पाठवताय,” मी म्हटलं. “लोकांना.”

तो डोळे पुसत स्टुलावर बसला. मलाही एक स्टूल ओढून दिलं. “बसा आधी. पाठवतो. लपवून नाय पाठवत. तेच सांगायला फोन करत होतो.”

“ती गेली हे ठाऊक आहे का त्यांना?”

“जुन्यांना म्हायती आहे. नवे विचारतात, मॅडम कुठे? मी सांगतो, गावाला गेल्यात.”

“गावाला?”

“मग खोटं काय त्यात सर? तुम्ही राख खाडीतच सोडलीत ना? माझी आई पलीकडच्या काठावर उभी होती. तिने मला फोनवर सगळं सांगितलं. तुम्ही पांढरा सदरा घातलेला, होडीत बसताना पाय घसरला तुमचा, ते पण सांगितलं.”

पाय घसरला होता. मला माहीत नव्हतं, कोणी बघत होतं.

“तुमच्या आवाजात पाठवा,” मी म्हटलं.

“पाठवला ना! दोन गुरुवार पाठवला. एक माणूस नाय आला. माझा आवाज ऐकून लोकांना वाटतं, उधारी मागायला फोन केलाय.” तो हसला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. “अर्बाब बोलला, इन्शाल्ला या महिन्यात गिऱ्हाईक बघतो तिघींना. मग मी तिचा जुना एक लावला. शुक्रवारी चार खेपा झाल्या. काय करू सांगा. आत्याबाईला कुठे पाठवू, शारजाच्या झूमध्ये?”

“माझ्याजवळ तिचा आवाज नाही,” मी म्हटलं.

हे त्या तीन वाक्यांत नव्हतं.

“एक पण नाय?”

“एकही नाही. ती मला टाइप करायची.”

त्याने फोन काढला. खूप वर सरकवत नेला आणि एकेक निरोप लावत गेला. ग्रुपचे होतेच, शिवाय नुसते त्याला पाठवलेले. चारा संपत आला, त्या सोलापूरच्या माणसाला बसायला खुर्ची ठेव, त्याची कंबर दुखता. रे पलीकडच्या, तुझ्या गाडीचो वास घालव आधी, लोक उलटी करतत. मी ऐकत होतो आणि हिशेब लावत होतो, हा कधीचा, त्या दिवशी मी कुठे होतो. घरातच होतो. शेजारच्या खोलीत वाचत होतो. इतकं सगळं बोलणं भिंतीपलीकडे झालं होतं.

“माझ्याबद्दल काही आहे का?” मी शेवटी विचारलं. विचारताना लाज वाटली, तरी विचारलं.

त्याने जरा शोधून एक लावला. “रे, आसनाचा आमच्या सरांना सांगू नको हां. ते परत लिहून देतले.” आणि मग ते हसणं. उघड्या तोंडाचं. बरंच लांब चाललेलं.

“वाईट नका वाटून घेऊ,” तो म्हणाला.

वाईट वाटलं होतं. आणि तो परत लावायला मी त्याला सांगितलं. ‘आमच्या सरांना.’ हे असं ती माझ्यासमोर कधी म्हणाली नव्हती.

बाहेर मगरिबची, म्हणजे संध्याकाळची अजान झाली. तो उठला, शटर अर्धं खाली ओढलं. मग परत आत येऊन फोन माझ्या हातात दिला.

“सर, तुमचा हक्क पहिला. सगळे तुमच्या फोनवर पाठवून घ्या. माझ्याकडचे पुसायचे तर पुसा, मी विचारणार नाय. पण पुसायचं ते तुम्ही पुसा. माझ्याच्यानं होणार नाय.”

तो नमाजाला गेला. मी बादल्यांच्या उतरंडीत स्टुलावर बसलो. हातात त्याचा फोन. मी ज्यासाठी आलो होतो ते सगळं हातात होतं. एकेक निरोप दाबून आधी माझ्याकडे पाठवायचा, मग पुसायचा. मग तो आवाज जगात फक्त माझ्याकडे राहिला असता. मी पहिल्यावर बोट ठेवलंही.

तेवढ्यात ग्रुपवर कोणाचं तरी आलं. ‘मॅडम, उद्या आहे ना?’ मग आणखी एकाचं. ‘आत्याबाई कशा आहेत?’ मग आमच्या शाळेतल्या नाशिकच्या बाईंचं. ‘आम्ही पाच जण.’ गुरुवारची संध्याकाळ होती. लोक आवतणाची वाट बघत होते.

मला त्यांचा फार हेवा वाटला. मी एकटा घरी बसून तो आवाज हवा तितक्या वेळा ऐकू शकलो असतो, पण तो मला उद्देशून नसता. पेटीत ठेवलेलं दुसऱ्याचं पत्र वाचावं तसं झालं असतं. आवतण मिळण्यासाठी माणसाला लोकांत असावं लागतं. घरात राहून ते मला इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं.

ग्रुपमध्ये नवीन माणूस कसा घ्यायचा ते शोधायला मला वेळ लागला. माझा नंबर घातला. मग तिचा तो कुकरच्या शिट्टीचा निरोप शोधला आणि ग्रुपवर पाठवला.

माझ्या खिशात फोन वाजला.

मी तो लगेच काढला नाही. बाहेर लोक मशिदीतून परत येत होते, त्यांच्या चपलांचे आवाज शटरखालून येत होते. मग काढला, कानाला लावला. येवा हां. वाट बघतंय. खाली भराभर उत्तरं यायला लागली होती, ‘येतो’, ‘नक्की’, अंगठे, हात जोडलेले. माझ्याआधी नऊ-दहा जणांनी उत्तर दिलं, हे मला तेव्हाही खुपलं. मी ‘येतो’ असं लिहिलं. सगळ्यांसारखंच.

पलीकडचा परत आला, शटर वर केलं.

“पुसले?”

“नाही. आजचा पाठवला.”

त्याने फोन घेतला, ग्रुप बघितला, त्यात माझा नंबर बघितला. थर्मासमधून दोन कप चहा ओतला.

रात्री मी त्याच्या घरी राहिलो. सकाळी पायथ्याशी लोकांच्या गाड्या लागल्या होत्या. नाशिकच्या बाई आपल्या घरच्यांना घेऊन आल्या होत्या. मला बघून त्यांनी हात केला आणि विचारलं, “सर, तुम्हीपण? त्या मॅडम वर आहेत ना?” मी म्हटलं, वर गेल्यावर सांगतो. सांगायचं मलाच होतं.

पलीकडच्याने फोर-व्हीलचं पुढचं दार उघडून धरलं.

“सर, तुम्ही इकडे. घरची माणसं पुढे.”

“आज मागे बसतो,” मी म्हटलं. “मला आवतण आहे.”

मी मागे चढलो. दोन कुटुंबांच्या मध्ये, कोणाचं तरी पोर मांडीवर घेऊन, गुडघे पोटाशी धरून बसलो. गाडीला अजून तोच वास येत होता.